हात मांडीवर

वैमानिकाची शेवटची परीक्षा हवेतच व्हायची, आणि उमेदवाराच्या मागच्या सीटवर त्याचं रक्ताचं माणूस बसवायचं असा नियम होता. म्हणून भागवतराव ढोबळे पट्टा बांधून आपल्या लेकीच्या, प्रणालीच्या मागे बसले होते. त्यांची हयात एसटी चालवण्यात गेली होती.

विमान यंत्रच उडवत होतं. माणसाने मध्ये हात घातला की अपघात होतात, हे केव्हाच सिद्ध झालं होतं. पुढे माणूस बसवायचा तो फक्त प्रवाशांना धीर यावा म्हणून. काहीही झालं तरी हात मांडीवर ठेवून बसता येणं, हीच आता वैमानिकाची पात्रता. प्रणाली दोनदा नापास झाली होती, कारण ऐन वेळी तिचा हात उठला होता. "बाई गं, या खेपेला तरी हात आवर," असं भागवतरावांनीच सकाळी बजावलं होतं.

समोर डोंगर आला. विमान वळेना. आधी झाडं दिसली, मग फांद्या. भागवतरावांचा उजवा पाय ब्रेक शोधत खाली दाबला गेला. "पोरी, वळव! अगं, वळव की!"

प्रणालीचे हात मांडीवरच राहिले.

अगदी शेवटच्या क्षणी यंत्राने विमान वर उचललं.

"पास," परीक्षकाचा आवाज आला.

प्रणाली हसत मागे वळली. "आण्णा, बघितलंत? बोटसुद्धा हललं नाही!"

भागवतरावांचा पाय अजून तसाच दाबलेला होता. "आणि यंत्र चुकलं असतं तर गं?"

"तरी नसतं हललं, आण्णा," ती अभिमानाने म्हणाली.