साळूआक्कांसाठी टाळ्या

चित्रपट महोत्सवात, म्हशींची बाळंतपणं करणाऱ्या साळूआक्कांवरचा माहितीपट संपला आणि अख्खं सभागृह डोळे पुसत उभं राहिलं. तेवढ्यात मंचावर आक्कांचा फोन वाजला. गावात शेजारणीची म्हैस अडली होती.

“मला गावाकडं सोडा, न्हाईतर पारडू मरंल!” आक्का ओरडल्या.

“हीच ती तळमळ!” दिग्दर्शक माईकवर गहिवरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आक्का पायऱ्यांकडे धावल्या, तर पाया पडणाऱ्यांनी वाटच अडवली.

“पाय सोडा की, मुडद्यांनो!”

यावर तर रसिक हुंदकेच देऊ लागले. शिवीला म्हणे मातीचा वास होता.

फोन पुन्हा वाजला. पारडू सुखरूप होतं. आक्कांच्या नवऱ्यानं हात घालून काढलं होतं. आक्कांनी ऊर भरून ते माईकवर सांगितलं.

एकही टाळी वाजली नाही. माहितीपटात नवरा ऐतखाऊ होता.