बिननावाचं पाकीट

"वहिनी, आत काय आहे ते चव घेऊन ओळखा," म्हणत दिराने माझ्यासमोर बिननावाचं पाकीट फोडलं. दर सुट्टीला हाच पोरखेळ आणि दर वेळी माझीच फजिती.

पहिलाच तुकडा कुणीतरी चावलेला होता.

"उष्टं देतोस मला?" माझं डोकंच फिरलं.

"आत्ता फोडलं ना तुमच्यादेखत!"

दातांचे ठसे स्पष्ट होते. मधल्या एका दाताची जागा मात्र रिकामी होती. मी त्याला आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही तोंड उघडायला लावलं. दिराचे दात शाबूत होते.

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "माझी कवळी वाटीत आहे."

"मला येडी समजता काय सगळे?" तणतणत मी तोच तुकडा दुसऱ्या बाजूने कचकन चावला.

कट्ट आवाज झाला. तळहातावर थुंकले, तर माझाच पुढचा दात, ठशात रिकामा होता नेमका तोच.

संतापून मी पाकीट ताटात पालथं केलं. सगळेच तुकडे चावलेले होते. एकावर दोन दात कमी, एकावर तीन. शेवटच्यावर दाताचा ठसाच नव्हता, नुसत्या हिरड्यांचा होता.

"खबरदार!" मी ओरडले.

दिरावर नाही, माझ्याच हातावर. तो पुढच्या तुकड्याकडे निघाला होता.