आनंदाचं गाणं

सहा दिवस कापडगिरणीत राबलेली आमची लँकेशायरची पोरं रविवारच्या शाळेत बाकांवर पेंगत होती. लंडनहून आलेल्या नव्या बाईंनी पेटी वाजवायला घेतली. "उठा! आनंदाचं गाणं आहे, आनंदानं म्हणा!"

पोरं कशीबशी उठली. तीस तोंडं मोठमोठी उघडमीट करू लागली, पण आवाज एकाचाही निघेना.

बाईंनी पेटी थांबवली. "माझी टिंगल करता?"

"नाही हो बाई," दहा वर्षांची एलन म्हणाली. "मागांच्या खडखडाटात काही ऐकूच येत नाही, म्हणून तिथं आम्ही नुसत्या ओठांनी बोलतो. दमलो की इथंही तसंच होतं."

"अगं, पण देवाला ऐकू जायला नको?"

मागच्या बाकावर टॅबिथा आजी बसली होती. चाळीस वर्षं माग चालवून ती ठार बहिरी झाली होती. बाई काय म्हणाल्या, ते एलननं वळून तिला ओठांनीच सांगितलं.

"म्हणा रे पोरांनो, तसंच म्हणा," आजी म्हणाली. "एवढी वर्षं देव आमच्या गिरणीत असेल, तर त्याचेही कान कधीच गेले असतील."