नऊ दारांचा बंदोबस्त

"देह म्हणजे नऊ दारांचे नगर, दारे मिटली की आत शांती." पोथीतला हा गूढार्थ उमगताच निवृत्त अभियंता खांबेट्यांनी नगराचा नकाशा काढला. डोळ्यांवर पंचा बांधला, कानांत कापसाचे बोळे घातले. नाकपुड्या वायुवीजनासाठी खुल्या ठेवल्या आणि जपाला बसले.

शांती येईना. स्वतःचाच जप ऐकू येत नाही म्हणून ते आवाज वाढवत गेले.

अखेर पत्नीने एका कानातला बोळा उपसला. "अहो, शेजारचे पाटणकर विचारताहेत, भांडण कुणाशी चाललंय? एवढी दारं लावलीत, तोंडाचं तेवढं सताड उघडं!"

खांबेट्यांनी पंचा वर सरकवला, नकाशातल्या तोंडावर फुली मारली आणि ओठ मिटले.

पत्नीच्या चेहऱ्यावर शांती पसरली. ती पाहण्यासाठी डोळ्यांचे दार त्यांनी नियमाबाहेर उघडे ठेवले.