माडीचा कठडा

"हा पण नको," धोंडूबाई म्हणाल्या आणि मुसळाच्या टोकाने खांबावर आणखी एक ठोका दिला. "पोकळ वाजतोय."

"मावशी, सागाचा भरीव खांब हाय. एका तुकड्याचा. पोकळ कसा वाजंल?"

"मला काय ऐकू येत नाय का रं?"

विठू सुताराने खांब बाजूला आडवा टाकला. नाना मिस्त्रींनी कर्जतच्या घरावर नवी माडी चढवली होती. माडीच्या सज्जाला लाकडी कठडा बसवायचं काम विठूकडे होतं. साधं काम. पण नानांच्या बायकोला, धोंडूबाईंना, खांबच पसंत पडेनात.

आधी त्याने ऐनाचे खांब आणले. ऐनाचं लाकूड उन्हात तडकतं म्हणून ते परत गेले. मग शिसवीचे आणले.

"काळा कठडा कशाला? घरात कोण मेलंय काय?" धोंडूबाई बोलून गेल्या, आणि विठूकडे बघून त्यांनी जीभ चावली.

विठूची बायको पारू गेल्या वर्षी तापाने गेली होती. नंतर कितीतरी महिने त्याने हत्याराला हात लावला नाही. घरात चूल पेटायची नाही. शेवटी खालापूरहून बहीण आली आणि त्याच्या लेकीला, ठमीला, घेऊन गेली. "कायमचं काम धर, मगच पोर ने," तिने बजावलं होतं.

नाना माथेरानला साहेबलोकांचे बंगले बांधत. त्यांच्या हाताखाली लागलेला सुतार कधी रिकामा बसत नसे. "आधी माझा कठडा कर. मग माथेरानचं बघू," नाना एवढंच म्हणाले होते. म्हणून विठू सगळं सोसत होता.

धोंडूबाईंनी खांब नाकारला की त्या लगेच आत हाक मारत, "जिजे, चहा दे गं त्याला." मग त्यांची मुलगी जिजा पेला घेऊन येई. ती सासरहून कायमची परत आली होती. सासरी मोडलेला तिचा उजवा हात कोपरात सरळ होत नसे. ती कधी बोलत नसे. पेला ठेवायची आणि दाराशी थांबून विठूच्या हातांकडे बघत राहायची. ही पण खोट काढायला उभी असणार, असं विठूला वाटे.

हा सागही नापास झाल्यावर तो पुन्हा वखारीत गेला. एकेक ओंडका उलटापालटा करून, गाठ नसलेला जुना साग निवडून आणला. तो धोंडूबाईंना चालला. मग नक्षी चालेना. खांब मधे फुगीर हवे होते. फुगीर केल्यावर ते लोट्यासारखे दिसायला लागले.

"रेलवेनं विजेच्या गाडीसाटी पुण्यापर्यंत खांब रोवले," विठू वैतागून म्हणाला. "त्यांच्यात तुमच्यासारकी मावशी नव्हती म्हणून जमलं."

खाली झोपाळ्यावर बसलेले नाना खो खो हसले. धोंडूबाई हसल्या नाहीत.

"तुजी ठमी केवढी झाली रं?" त्यांनी विचारलं.

"पाचाची."

"खोड्या करते?"

"लई."

"मग देतोस का दोन रट्टे?"

"तिची आय द्यायची. मला राग चढला, की मी नदीवर जाऊन बसायचो."

"म्हणजे पळपुटा हायस," धोंडूबाई म्हणाल्या.

अखेर खांब उभे राहिले. विठूने प्रत्येकाच्या बुडाला कोरलेलं कुसू तुळईच्या खाचेत ठोकून बसवलं, ओळंबा लावून पाहिला, वरची पट्टी चढवली. मग अंगाचा सगळा भार टाकून कठडा हलवला. तसूभर हलला नाही. आता ठमीला आणायचं. बहिणीला काय सांगायचं, तेही त्याच्या मनात जुळून आलं.

धोंडूबाई वर आल्या. पट्टीवरून हात फिरवला. "बरा झालाय," म्हणाल्या.

विठूने श्वास सोडला.

"पण उंच झाला. सगळे उपट. दोन बोटं कमी कर."

"मावशी, खालून कापले तर कुसूच जाईल. खांब वाया जातील."

"मग नवे कर. जिजे, चहा दे गं त्याला."

विठूची कानशिलं तापली. हातात खांब ठोकायची मोगरी होती, मूठ आवळली गेली होती. जिजा पेला घेऊन अगदी समोर आली. त्याचा चेहरा बघून ती झटकन मागे सरली. चहा त्याच्या पायावर सांडला.

"नाय करत!" विठू ओरडला. "ऐन नको, शिसव नको, साग पोकळ! आता उंच! तुमच्या कठड्याला तुमीच टेका देऊन उभ्या ऱ्हावा!"

त्याने मोगरी पिशवीत टाकली. पटाशी, रंधा, करवत, एकेक करून उचलली. जिजाला वळसा घालून तो जिन्याकडे गेला.

खाली नाना उभे होते. "कुठं रं?"

"घरी."

"आणि माथेरान?"

"दुसरा बघा."

माथेरान गेलं, म्हणजे ठमी गेली. सगळं केलेलं काम त्याने तोंडाने घालवलं होतं. तो दाराकडे वळला, तर नानांनी दाराला पाठ लावली.

"थांब जरा," ते हळू म्हणाले आणि त्यांनी वर बोट केलं.

माडीवर धोंडूबाई बोलत होत्या. आवाजात मघाचा ताठा नव्हता.

"पाहिलंस ना, जिजे? मी म्हणत होते ना तुला? एवढा चिडला, पण हात उगारला नाय. हत्यारं गोळा करून घरी निघाला. आता तरी सांग पोरी, याच्याशी पाट लावायला तयार हायस?"

मग विठूने जिजाचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"आधी त्यांना ठमीला आणायला सांग."