सोनबाच्या उसातली वाट

"चल रं पाखऱ्या. हितंच मुळं फुटली का काय तुला?" कुशाबाईंनी लगाम हलवला. घोडं पाऊल उचलेना. मान वळवून टांग्यात बघायचं आणि फुरफुरायचं.

मागं कुशाबाईंचे यजमान जोतीरामतात्या बसले होते. अंगावर शाल, डोक्याला पटका, छातीवरून धोतर गुंडाळून टपाच्या दांडीला बांधलेलं. लकव्यानं वाचा गेली तेव्हापासून त्यांना असंच बांधून फिरवावं लागे. कळसच्या शिवारात आता त्याचं कुणाला नवल नव्हतं.

दोन्ही अंगाला सोनबाचा ऊस, मधून टांग्यापुरती वाट. याच टांग्यातून शाळेला गेलेला सोनबा, पण मोजणीत वाट आपल्या हद्दीत निघाल्यावर त्यानं चार माणसांत बोलून दाखवलं होतं, "तात्या टांग्यातनं फिरत्यात तवर वाट मोकळी. त्यांच्यामागं मी हितं उसाची लागण करणार." वस्तीला दुसरी वाट नाही. मग नातवंडांनी शाळेला जायचं कुठून, दूध डेअरीला घालायचं कसं, म्हातारीनं काय उडत जायचं? कुशाबाईंनी वहिवाटीसाठी तहसिलात अर्ज दिला. आज मंडल अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या.

वारा पडला होता, तरी ऊस सळसळत होता. कुंकू आज त्यांनी ठसठशीत लावलं होतं, तेही घामानं ओघळलं.

"अवं, येवढी वाट निभवून न्या," त्या मागं न बघता पुटपुटल्या.

वळणावर जीप उभी होती, शेजारी सोनबा. बाईंनी टांगा बघितला, चाकोरी बघितली. "वापर तर दिसतोय. पण कायमची नोंद करायची तर समोरच्याची हरकत नको. जुनी वहिवाट आजोबांची, त्यांचं काय म्हणणं?"

"त्यांला बोलता येत न्हाय. आन आत्ताच डोळा लागलाय," कुशाबाई घाईनं म्हणाल्या.

"मी इचारतो खुणंनं," सोनबा म्हणाला, आणि कुणी अडवायच्या आत पायरीवर चढला.

त्यानं तात्यांचा हात हातात घेतला. तोंडाजवळ कान नेला. तसाच वाकून राहिला. संपलं सगळं, असं कुशाबाईंना वाटलं.

सोनबा खाली उतरला. टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला, "हात दाबला तात्यांनी. वाट कायमची दे म्हणत्यात. लिवा बाई, माझी हरकत न्हाय."

त्यानं सही केली. जीप धुरळा उडवत गेली. सोनबानं पाखऱ्याचा लगाम धरून टांगा वस्तीकडं वळवला.

"काकू, आता मोकळं रडा," तो हळू म्हणाला. "तात्यांला जाऊन लई वेळ झालाय."