धुतलेला जिना

रोहिणी बादली घेऊन जिन्यात आली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जपानी मोरिताबाई पायऱ्या पुसायला लागल्याही होत्या. या आठवड्यात जिना धुण्याची पाळी रोहिणीची होती. केअरवोखेची, म्हणजे या साफसफाईच्या पाळीची, पाटी तिच्याच दाराला लटकत होती. मोरिताबाई जर्मनमध्ये म्हणाल्या, तुमचे वडील गेलेत, या वेळी राहू द्या. तरी रोहिणीने फडकं भिजवलं आणि त्यांच्या वरच्या पायरीवर बसली.

सुखदेव जाऊन नऊ दिवस झाले होते. नागपूरहून मुलीकडे जर्मनीत गेर्लिंगेनला आले आणि महिन्याभरात त्यांची डावी बाजू लुळी पडली. दुसऱ्या झटक्यातून ते उठले नाहीत.

मोरिताबाईंना त्यांच्याबद्दलच बोलायचं होतं. पहिल्या झटक्यातून जरा सावरल्यावर, रोहिणी ऑफिसला गेली की सुखदेव कठडा धरून खाली उतरायचे आणि तीन मजले परत चढायचे. मध्येच बसायचे, पण हात पुढे केला तर घ्यायचे नाहीत. परतीच्या विमानात आपल्या पायांनी चढायचं, म्हणायचे.

"आमच्याकडे याला कोन्जो म्हणतात," मोरिताबाई म्हणाल्या. "त्यात हट्टही आला आणि आतलं बळही. तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

रोहिणीला दोनतीन शब्द आठवले. पण तिने वापरला होता तो वेगळाच. बाबा, किती हेकटपणा कराल, असं ती जवळजवळ रोज म्हणायची. एकदा तर घरी आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाली होती. बाबा ताटाकडे बघत जेवत राहिले होते.

"आणि एवढ्या थंडीत पायात नुसते मोजे," मोरिताबाई सांगत होत्या. "मी विचारलं, तर इंग्रजीत म्हणाले, कुणीतरी घासूनपुसून ठेवलेल्या पायऱ्या, बूट घालून कशा तुडवायच्या?"

रोहिणीने फडकं पिळलं. पाणी निथळायचं थांबलं तरी ती पिळतच राहिली.

"बूट मी लपवले होते," ती म्हणाली. "गाडीच्या डिकीत. त्यांनी एकट्याने जिना उतरू नये म्हणून."

मोरिताबाईंनी फडकं पायरीवर ठेवलं. त्या म्हणाल्या, "मी माझ्या नवऱ्याचे बूट देऊ केले होते त्यांना. त्यांनी घेतले नाहीत. का ते मला तेव्हा समजलं नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नको. माझ्या पायात दुसऱ्याचे बूट दिसले, तर मुलगी ओशाळेल."